टाकावरचा ॲप्रन

प्रिय अश्विनी,

परवा निलेशचं लग्न आहे. तुझ्या नवऱ्याचं. हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि या घरात असली नको ती कामं माझ्याच वाट्याला येतात, म्हणून लिहायला बसले. रागवायचं असेल तर रागाव, पण आधी शेवटपर्यंत वाच.

खरं तर आज सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंट्या मोकळ्या करायला घेतल्या होत्या. नवीन माणूस येणार, तिला तिचं काही टांगायला जागा नको का? तुझा पहिला ॲप्रन काढला, घडी घातली, आणि घडी मोडून पुन्हा होता तिथेच टांगला. मग चहा ठेवला. मग परत गेले. पुन्हा तेच. शेवटी तुझे सासरे ओटीवरून ओरडले, "अगो, खुंट्या रिकाम्या करतेस की त्यांना प्रदक्षिणा घालतेस?" त्यांच्यावर मी इतकी खेकसले की ते चपला घालून बाहेरच गेले. मग एकटीने रडून घेतलं आणि कागद शोधला.

तुला जाऊन दीड वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत तुझ्याशी बोलले नाही असं नाही. आधण ठेवताना, मासे साफ करताना, वाटण वाटताना मी तुझ्याशी बोलतेच. भांडतेसुद्धा. पण ते आपलं येता-जाता. आजचं नीट बसून सांगायचं आहे.

लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या बॅगेत साड्या कमी आणि ॲप्रन जास्त, हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. तुझे बाबा रेवदंडा ते अलिबाग रिक्षा चालवणारे. लग्नाआधी तू त्यांच्याच रिक्षेतून रोज अलिबागला जायचीस, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. पहिला पांढरा ॲप्रन तिथला, आणि ते खूळही तिथलंच. दुसऱ्या सकाळी घरातलं पहिलं गोड करायला तू चुलीपुढे आलीस ती नव्या कोऱ्या साडीवर तो पांढरा ॲप्रन बांधून! मागच्या पडवीत बायका जमल्या होत्या नवी नवरी बघायला. "काय गो, तुझी सून डॉक्टरीण हाय काय?" एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "न्हाय गो, सलूनवाली वाटते." आणि तू आतून, पहिल्याच दिवशी, डाव हलवत म्हणालीस, "डोकी घेऊन आत या, भादरून देते!"

म्हटलं, आता हिच्याबरोबर जन्म काढायचा!

मी सगळा जन्म अंगणवाडीत पोरांची नाकं पुसली. पदरानेच पुसली. आमच्या वेळी बाईने पदर खोचला की झालं. हात पुसायला पदर, गरम भांडं उतरवायला पदर, घाम टिपायला पदर. हे मी तुला ऐकवलं तेव्हा तू शांतपणे विचारलंस, "आणि आई, तोच पदर डोक्यावर घेऊन देवापुढे जायचं?" तेव्हा मी नुसतं "जास्त बोलू नकोस" म्हटलं, आणि सासवांना एवढं पुरतं.

मग ते ॲप्रन वाढतच गेले. दिवेआगरला फिरायला येणारे पाहुणे शनिवार-रविवारी आपल्याकडे जेवायला यायला लागले, तशी तुझी चंगळच झाली. कुणी मुंबईहून येताना तुझ्यासाठी एखादा घेऊन यायचं. कुठल्याशा परक्या देशातला एक आला, त्यावर काय लिहिलंय ते गावात एकालाही वाचता येईना. तू म्हणालीस, "लिहिलं असेल की सासूला विचारू नये." निलेशच्या कारखान्याच्या निळ्या पँटीचा तू ॲप्रन केलास, मागच्या खिशासकट. मासे साफ करायला रेनकोट कापून एक केलास. आणि तो लिंबांचा! पिवळ्या लिंबांचा, हिरव्या पानांचा, बोर्लीच्या बाजारातून कापड आणून शिवलेला. तो तुझा सणाचा. तो अंगावर असला की समजायचं, बाई आज खूश आहेत, आज काहीही मागून घ्या.

निवडणुकीतला किस्सा आठवला की आजही हसू येतं. प्रचाराचे उरलेले बनियन घरात पडले होते, उमेदवाराचा फोटो छापलेले. तू त्यातला एक कापून ॲप्रन शिवलास आणि तो शिवला गेला उलटा. साहेब तुझ्या पोटावर शीर्षासन करत होते. तुझे सासरे त्याच पक्षाचे, जेवायला पाटावर बसले आणि घास हातातच राहिला. "अगो सूनबाई, साहेब उलटे लटकलेत!" तू खाली मान घालून बघितलंस आणि म्हणालीस, "छे हो बाबा, मला तर सरळच दिसतात."

असं होतं सगळं. तू हसवायचीस आणि आम्ही हसायचो.

माझ्या गळ्यात पहिला ॲप्रन तू घातलास तो मी आंबे उतरवून बाटली-बरण्यांचं काम काढलं तेव्हा. मी नको नको म्हणत होते. रस उडाला, साडी वाचली, आणि मग मी गुपचूप रोज घालायला लागले. सवय इतकी झाली की अंगावर आहे हेही कळेना. शेजारच्या गंगूबाईंचे मालक एके सकाळी गेले, रडणं कानावर आलं आणि मी होते तशी धावले. बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले, तर सगळ्या माझ्याकडेच बघतायत. खाली बघते तर तुझी ती लिंबं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोडायला मागे हात नेला तर गंगूबाईंनी माझा ॲप्रन धरला, त्यात तोंड खुपसलं आणि रडल्या. डोळे, नाक, सगळं त्यातच पुसलं. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस. म्हणालीस, "बघा आई, कामाला आला ना." आणि तो धुवायला टाकलास.

आता ते दुसरं. ते लिहायला हात वळत नाही, पण त्याच्याशिवाय आजचं काही तुला कळणार नाही.

ॲप्रनची दोरी बांधायचं काम आरोहीचं होतं. चालायला लागल्यापासूनचं. पाटावर उभी राहून ती तुझ्या पाठीमागे फूल बांधायची, आणि ते घट्ट झालं की नाही हे तू एक गिरकी मारून दाखवायचीस. ते झाल्याशिवाय सकाळची चूल पेटत नसे. मग त्या हिवाळ्यात, पाहुण्यांची गर्दी असताना, तू दोऱ्या मागून पुढे आणून बांधायला लागलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "फॅशन आहे आई. मोठ्या हॉटेलात शेफ असंच बांधतात." मी म्हटलं असेल बुवा. हॉटेलातलं तुला ठाऊक.

आरोही तेवढी रडत आली होती माझ्याकडे. "आजी, आई मला गाठ मारायला देत न्हाय. पुढूनच बांधते." आणि मी तिची समजूत काढली की आई घाईत असते. पोर पोरीसारखं रडत होती आणि बरोबर तेच सांगत होती जे आम्हा मोठ्यांना दिसत नव्हतं. दोऱ्या लांबल्या नव्हत्या अश्विनी, तूच कमी होत चालली होतीस. त्या दोऱ्या तुझ्याभोवती फिरून पुढे येऊन वर फूल बांधण्याइतक्या उरायला लागल्या, आणि तुला ते ठाऊक होतं.

का गं लपवलंस? पोटात दुखायचं, घास जात नव्हता, आणि तू ढगळ ड्रेस घालून वर ॲप्रन बांधून सगळ्या जगाला वाढत होतीस! "ओट्याशी चव बघता बघताच माझं जेवण होतं," म्हणायचीस. सगळ्यांना हसवायचीस आणि दुखणं तेवढं एकटीने खायचीस. सीझन संपला की दाखवते, असं तू निलेशला म्हणाली होतीस, हे त्याने मला नंतर सांगितलं. सीझन संपला. मुंबईच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि पसरलाय म्हणाले. पावसाळा तू काढलास. भात कापणीला आलं आणि तू गेलीस.

यासाठी मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणू देत.

तू सवाष्ण गेलीस. हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट, सगळं केलं. तुला न्हाऊ घालून साडी नेसवली तेव्हा तू इतकी हलकी होतीस की निऱ्या राहीनात. सगळ्या बायका भोवती. आणि दारातून आरोहीचा आवाज आला, "आजी, आईला ॲप्रन घाल ना. साडी नवीन हाय."

तूच शिकवलेलं ना तिला? नवीन साडी, आधी ॲप्रन!

ती धावत आत गेली आणि लिंबांचा ॲप्रन घेऊन आली. तुझ्या आत्येसासूबाई म्हसळ्याहून आल्या होत्या, त्यांनी तो तिच्या हातातून हळूच काढून घेतला. "आता नको बाय," म्हणाल्या. त्या काही वाईट नाहीत, रीत मोडू नये एवढंच त्यांचं म्हणणं. पण तू गेलीस ती ॲप्रनशिवाय, आणि आरोहीने त्या दिवसापासून खुंट्यांना कुणाला हात लावू दिला नाही. धुवायलासुद्धा नाही. मी चोरून धुते, वाळवते, ती शाळेतून यायच्या आत परत टांगते. काय ही माझी अवस्था!

आता लग्नाचं सांगते.

निलेशच्या मनात नव्हतं. मीच त्याच्या मागे लागले. तो माणगावच्या पुढे कारखान्यात पाळीला जातो, रात्रपाळी असली की पोर बापाला बघत नाही. माझे गुडघे आता उठताना देवाचं नाव घेतात. मी डोळे मिटले तर आरोहीचं कोण? या हिशेबाने मी स्थळ बघितलं. होय, मीच बघितलं. तुझ्या जागी आणायला मुलगी शोधत फिरले, घरोघरी चहा प्यायले आणि प्रत्येक घरी मनात म्हटलं, ही नको.

दीपाली तिचं नाव. माणगावला औषधांच्या दुकानात कामाला. पहिलं लग्न मोडलेलं, त्यात तिचा काही दोष नाही असं चारजण सांगतात. भावाबरोबर घर बघायला आली होती. मी अगदी डोळ्यांत तेल घालून तिच्यात खोट शोधत होते. चहाचा कप स्वतः विसळायला गेली, साडीवर पाणी उडालं. दारामागे रांगेने ॲप्रन दिसत होते, हात पोचेल एवढ्यावर. तिने हात लावला नाही. आपला रुमाल काढून साडी टिपली. वाईट असती तर बरं झालं असतं गं. मनासारखा राग तरी करता आला असता.

आरोही खुंट्यांखाली पाट टाकून बसली होती, राखण करायला. तिने विचारलं न सांगितलं, थेट म्हणाली, "ह्यातला कुठला पण घालायचा न्हाय."

"न्हाय घालणार," दीपाली म्हणाली.

"आणि मी तुझी दोरी बांधणार न्हाय."

"बरं."

एवढंच त्यांचं बोलणं. त्यानंतर आरोही तिच्याशी एक शब्द बोललेली नाही. फोन आला तर उठून जाते. परवापासून त्या दोघी एका छपराखाली राहायच्या आहेत, आणि मला त्याचीच धास्ती आहे. लग्न लागेल. अक्षता काय, कुणीही टाकतं. घर लागेल का, हा प्रश्न आहे.

त्यात आत्येसासूबाईंनी टाकाचं काढलं. तुला ठाऊक आहे आपल्याकडची रीत. पहिली गेली आणि दुसरी आली की पहिलीचा टाक करायचा. चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती उठवायची, दुसरीने तो गळ्यात घालायचा, आणि जन्मभर कुठलीही नवी साडी आधी त्या टाकावर ठेवायची, मग नेसायची. म्हणजे गेलेली रुसत नाही, नव्या संसाराला त्रास देत नाही. मी म्हटलं, "वन्सं, अश्विनी कुणाला त्रास देणाऱ्यातली न्हवती." त्या म्हणाल्या, "जिती असताना न्हवती. आता तिच्या घरात दुसरी येते. तुज्या-माज्यासारखीच बाई ती."

मला आधी राग आला. मग रात्रभर वाटत राहिलं, त्रास दे की! एखादं भांडं पाड. काहीतरी कर. तू या घरात आहेस हे तरी कळेल.

म्हणून गेले. मंगळवारी बोर्लीला सोनाराकडे गेले. तो बाजारपेठेतला, तुझ्या मंगळसूत्राच्या वाट्या ज्याने सांधून दिल्या होत्या तोच. त्याने ठशावर पत्रा ठेवला, ठोकला आणि टाक माझ्या हातात दिला. मी बघते तर एक बाई. हात खाली सोडलेले, डोक्यावरून पदर, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं.

"ही कोण रे?" मी विचारलं.

"तुमची सून, काकू."

"ही माझी सासू दिसते! माझी सून अशी हात सोडून कधी उभी न्हवती राहिली."

तो बिचारा समजुतीने म्हणाला, "काकू, ठसा एकच हाय. समद्यांच्या सुना ह्याच्यातच होतात. टाकात चेहरा नसतो, आपण मानायचं असतं."

सगळ्या गेलेल्या बाया एकाच ठशातल्या! मी म्हटलं, "चेहरा ऱ्हाऊ दे. हिच्या अंगावर ॲप्रन काढ."

"काय काढू?"

"ॲप्रन. ओट्यापुढे घालतात तो. गळ्यात पट्टा, कमरेला दोरी, पोटावर खिसा."

दुकानात एक जोडपं पैंजण बघत होतं, ते थांबलं. सोनार माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असणार, म्हातारी कामातून गेली. मग त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे. त्याने चष्मा खाली ओढला, बारीक टोचा घेतला आणि विचारलं, "खिसा कुठल्या अंगाला, काकू?"

उजव्या. त्यात तू माचिस ठेवायचीस आणि आरोहीसाठी लिमलेटच्या गोळ्या. हे मी त्याला सांगितलं नाही, नुसतं उजव्या म्हटलं आणि दुकानाबाहेर येऊन उभी राहिले. आतून टोच्याचा बारीक आवाज येत होता. बाजारात सुक्या मासळीवाल्या बसल्या होत्या, त्यातली एक ओळखीची म्हणाली, "काय मावशी, लग्नाची खरेदी काय?" मी व्हय म्हटलं.

टाक घरी आणला. आत्येसासूबाईंनी बघितला आणि कपाळाला हात लावला. "टाकावर असलं काय काढतात काय? देवाच्या जागी असतो तो!" म्हटलं, "असू दे. देवाला पण माहीत हाय ती कोण ते."

आरोही शाळेतून आली. मी टाक तिच्या तळहातावर ठेवला. तिने जवळ नेऊन बघितला. पट्टा ओळखला, खिसा ओळखला. किंचित हसली बघ, दीड वर्षाने हसली. मग तिने तो उलटा केला.

टाक मागून पोकळ असतो. पुढे बाई, मागे नुसता खळगा.

"आजी, मागे काय न्हाय."

"टाकाला मागे काय नसतं गो बाय."

"मग दोरी कुठाय?" तिने पुन्हा पुढची बाजू बघितली, पुन्हा मागची. तिचा चेहरा बदलत गेला. "पुढून बांधलाय काय? परत?"

अश्विनी, त्या 'परत'ने मी खाली बसले. पोरीला सगळं कळलेलं होतं गं! तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने कुणाला विचारलं नव्हतं. आईने दोरी पुढे घेतली आणि आई संपली, एवढं तिने स्वतःचं स्वतः जुळवून ठेवलं होतं आणि त्या खुंट्यांखाली एकटी घेऊन बसली होती. मी तिला पोटाशी धरलं. ती रडली नाही. मीच रडले. तिने माझ्या ॲप्रनचं टोक उचललं आणि माझे डोळे पुसले.

काल मी मशीन काढली. माझं ते हिरवं लुगडं आठवतं? ज्याचा तुला ॲप्रन करायचा होता आणि मी "मेल्यावर कर" म्हणाले होते? तेच कापलं. आधी रीतीप्रमाणे तुझ्या टाकावर ठेवलं, मग कात्री लावली. दीपालीसाठी शिवला. तुझ्यातला एकही तिला द्यायचा नाही आणि ती मागणारही नाही, पण परवापासून ती या ओट्यापुढे उभी राहणार. माझी सून नुसता पदर खोचून उभी राहिली तर तूच मला बोलशील!

शिवण काही सरळ आली नाही. मग दोऱ्या कापायला घेतल्या. पहिली दोरी मी बघून बघून आखूड कापली. निलेश कामावरून आला होता, तो म्हणाला, "आई, दोरी आखूड झाली. पुढे यायची न्हाय ती."

"यायला नकोच हाय," मी म्हटलं.

त्याला कळलं. तो तिथून उठून विहिरीवर गेला आणि बराच वेळ आला नाही.

आरोही दारात उभी होती. ती आली, पहिली दोरी हातात घेतली, ताणून बघितली. "एवढीच?" मी म्हटलं, एवढीच. तिने माझ्या पुढ्यातली कात्री घेतली, दुसरी दोरी पहिलीवर धरली आणि बरोबर तेवढीच कापली. मग कात्री ठेवून खेळायला गेली.

ती दीपालीची दोरी बांधेल की नाही मला माहीत नाही. बहुतेक नाहीच बांधणार, निदान एवढ्यात नाही. मी तिला सांगणारही नाही. पण कापली तिने.

आणि तुझे ॲप्रन? राहतील तिथेच. आज संध्याकाळी हे पत्र अर्धवट ठेवून तुझ्या सासऱ्यांना पुढे घातलं आणि दारामागे एक नवी खुंटी ठोकून घेतली. हातोडीचा दणका अंगठ्यावर बसला तेव्हा म्हणाले, "सूनबाई असती तर हसली असती." असती तर. टाक मी दीपालीच्या गळ्यात घालणार नाही. तिला ओझं आणि तुला अडगळ. तो खुंट्यांच्या वर, मसाल्याच्या फळीवर ठेवते, तिथून सगळा ओटा दिसतो. कोण काय जाळतंय ते बघत बस.

तू गेलीस, ते मला काही केल्या पटत नाही, आणि परवा मंगलाष्टकं ऐकतानाही पटणार नाही. मी हसेन. चार बायका ओळखतील, ओळखू देत. पण एक शब्द तुला देते अश्विनी, आणि तो मोडणार नाही. या घरात आता कुणीही दोरी पुढे बांधणार नाही. रोज सकाळी त्या मुलीच्या मागे मी उभी राहीन, गुडघे दुखोत नाहीतर मोडोत, आणि माझ्या हाताने गाठ मारीन. आरोहीला जेव्हा वाटेल तेव्हा ती माझ्या जागी उभी राहील. आणि ती दोरी एक बोटभर जरी सैल झाली ना, तर भात चुलीवर, पाहुणे पाटावर तसेच सोडून मी तिचा हात धरून दवाखान्यात नेईन. "फॅशन आहे आई" म्हणाली तरी नेईन.

तुझी,
आई
(तुझ्या तोंडून हे ऐकायची सवय अजून गेलेली नाही.)